पाठांतराची बासरी

रेकॉर्डर म्हटलं की आमच्या पिढीला आधी टेपरेकॉर्डर आठवतो. मी शेजारच्या काकूंना "सध्या रेकॉर्डर शिकतेय" असं सांगितलं तेव्हा त्यांनी सहानुभूतीनं विचारलं, "अहो, त्यात शिकायचं काय? तांबडं बटण दाबायचं." तर मंडळी, हा रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची बासरी. पुढच्या बाजूला सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. जत्रेत मुलं टोक तोंडात धरून पी-पी करत फिरतात ती बासरी आणि हा रेकॉर्डर एकाच कुळातले. आपल्या आडव्या बासरीत ओठांनी हवेची धार नेमकी बसवावी लागते, आणि त्यातच लोकांचे महिने जातात. रेकॉर्डरमध्ये तोंडाशीच हवेसाठी अरुंद वाट कोरलेली असते. फुंकर घातली की आवाज येतोच. त्यामुळे लहान मुलांना आणि माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना हे वाद्य पहिल्या दिवशी तरी निराश करत नाही. निराशेची सोय पुढे आहे.

या नावाची गंमत मात्र मला शिक्षिका म्हणून फार आवडली. जुन्या फ्रेंचमधल्या ज्या क्रियापदापासून हे नाव आलं, त्याचा अर्थ आठवणे, घोकणे, पाठ करणे. पाखरू आपला सूर पुन्हापुन्हा घोळवतं, तसं घोळवण्याचं वाद्य. म्हणजे ही झाली पाठांतराची बासरी! आयुष्यभर वर्गात पाढे आणि सनावळ्या घोकून घेतल्या, आणि म्हातारपणी हातात आलं ते वाद्यही घोकंपट्टीचंच निघालं.

नाव जुनं आहे. इंग्लंडमध्ये १३८८ सालच्या एका सरदाराच्या जमाखर्चात, जो पुढे चौथा हेन्री म्हणून राजा झाला त्याच्या, या नावाच्या एका बासरीची नोंद सापडते. आठव्या हेन्रीच्या मृत्यूनंतर १५४७ साली त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात ७६ रेकॉर्डर होते. सहा राण्यांची गोष्ट आपण सगळे वाचतो, पण ७६ बासऱ्यांची कुणी सांगत नाही. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये हे वाद्य थेट रंगमंचावर येतं. बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी दुसऱ्यात आणि चौथ्यात ते आहे. मग अठराव्या शतकात वाद्यवृंद मोठे झाले, आडवी फ्लूट जास्त दमदार, तिच्यापुढे याचा नाजूक आवाज ऐकू येईना. शतक संपेपर्यंत रेकॉर्डर जवळजवळ विसरला गेला. आठवणीवरून नाव पडलेलं वाद्यच लोक विसरले!

ते परत कसं आलं, ही गोष्ट मी वर्गात सांगितली असती तर मागच्या बाकावरच्यांनीही ऐकली असती. आर्नल्ड डोल्मेच नावाचे एक गृहस्थ होते, जन्मानं फ्रान्सचे, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले. जुनी वाद्यं गोळा करायची, दुरुस्त करायची आणि वाजवायची हा त्यांचा ध्यास. १९०५ साली त्यांनी लिलावात अठराव्या शतकातला, ब्रेसाँ या नामांकित कारागिराच्या हातचा एक रेकॉर्डर घेतला. १९१९ मध्ये एका कार्यक्रमाहून घरी परतताना लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर तो ठेवलेली पिशवी मागे राहिली. पिशवी होती धाकट्या मुलाकडे, कार्लकडे. वय वर्षं सात. बापाची काय अवस्था झाली असेल! पण वाद्याची मापं त्यांनी लिहून ठेवलेली होती. त्यांवरून त्यांनी नवा रेकॉर्डर घडवायला घेतला, आणि जमेपर्यंत खटपट सोडली नाही. १९२५ पासून हेजलमिअर गावी त्यांनी जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला, तिथे लोकांनी हे वाद्य नव्यानं ऐकलं. हरवलेला मूळ रेकॉर्डर पुढे एका जुन्या बाजारात सापडला, ती गोष्ट वेगळी. आणि स्टेशनवर पिशवी विसरलेला तो कार्ल पुढे विसाव्या शतकातला नामवंत रेकॉर्डरवादक झाला. (घरातल्या वेंधळ्या नातवंडांवर ओरडणाऱ्या आजी-आजोबांनी याची नोंद घ्यावी.)

१९३० नंतर एडगर हंट वगैरे मंडळींनी रेकॉर्डर इंग्लंडमधल्या शाळांत नेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्लॅस्टिकचा निघू लागला, स्वस्त झाला आणि पोराटोरांच्या दप्तरात गेला. जपानमध्ये तर प्राथमिक शाळेच्या तिसरीत प्रत्येक मुलाच्या हातात रेकॉर्डर येतो. माझ्या हातात आला तो तिथूनच. लेक-जावई तोक्योच्या एदोगावा भागात राहतात, जिथे आपली भारतीय कुटुंबं बरीच आहेत. नात तिथल्याच शाळेत शिकली. माध्यमिक शाळेत गेल्यावर मुलांना मोठा, खालच्या स्वराचा आल्टो रेकॉर्डर घ्यावा लागतो. मग तिचा लहान रेकॉर्डर, त्याची हिरवी पिशवी आणि आतून पुसायची काडी असं सगळं सुट्टीत पुण्याला आलं आणि इथेच राहिलं. तिला मराठी बोलता येतं, पण आजीशी काय बोलायचं हे आताशा सुचत नाही. त्या वयात कुणालाच सुचत नाही म्हणा. पण "आजी, तू बोट नीट दाबत नाहीस" हे वाक्य तिनं दिवसातून वीसदा न कंटाळता म्हटलं. त्या सुट्टीत आमचं सगळ्यात जास्त बोलणं त्या आठ भोकांवर झालं.

तिनं मला जी पहिली धून वाजवून दाखवली ती एनएचके वाहिनीवरच्या मुलांच्या कार्यक्रमाची, 'पिटागोरा सुइच्ची'ची. नावात आपला भूमितीतला पायथागोरस आहे. २००२ साली हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचं शीर्षकसंगीत रेकॉर्डरच वाजवणाऱ्या चौघांच्या 'कुरिकॉर्डर क्वार्टेट' या संचाचं आहे. साधं, थोडं खट्याळ, शाळेच्या वऱ्हांड्यातून आल्यासारखं वाटणारं. तिथल्या मुलांना ते इतकं पाठ की कुणी शिकवावं लागत नाही. वाजवून झाल्यावर नातीनं विचारलं, "तुमच्या टीव्हीचं गाणं कुठलं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून मी शिकायला बसले.

आता थोडं तंत्राचं, ज्यांना रस नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. लहान रेकॉर्डरचा सगळ्यात खालचा स्वर पांढरी एकचा. शिकवायला मात्र सुरुवात वरून करतात. अंगठा आणि पहिलं बोट लावलं की पांढरी सात, दुसरं बोट ठेवलं की पांढरी सहा, तिसरं ठेवलं की पांढरी पाच. पांढरी पाचला सा धरा, म्हणजे हे झालं ग रे सा! जगभरातली मुलं डाव्या हाताच्या तीन बोटांवर आधी ग रे सा शिकतात, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. प्रत्येक स्वर जिभेनं हळूच 'तू' म्हणून सुरू करायचा. फुंकर चहा निवण्यापुरती. जोर लावला की खालचे स्वर किंचाळतात. वरच्या सप्तकात जायचं तर अंगठ्याच्या नखानं मागचं भोक अर्धं उघडायचं. आणि कोमल गंधार, म्हणजे या हिशोबानं काळी पाच, हा माझा शत्रू आहे. पहिलं बोट ठेवायचं, मधलं उचलायचं, तिसरं ठेवायचं आणि उजव्या हाताची तर्जनी मदतीला घ्यायची. संधिवाताच्या बोटांना ही कसरत सकाळी दहाच्या आत मान्य नसते.

मींड तर जवळजवळ नाहीच. बोट भोकावरून हळूहळू सरकवून थोडा आभास निर्माण करता येतो, तेवढंच. प्रत्येक स्वर आपापल्या खोलीत दार लावून बसल्यासारखा. आपल्या धुना यावर वाजवायच्या म्हणजे स्वरांच्या मधली वळणं सोडून द्यायची, आणि मग उरतो तो सांगाडा. पण त्या सांगाड्यावरूनही धून ओळखू येते, याचं मला रोज नवल वाटतं.

टीव्हीच्या आधी रेडिओचं सांगायला हवं, कारण आकाशवाणीची ती पहाटेची धून आमच्या घरात टीव्हीच्या कितीतरी आधी आली होती. तंबोऱ्यावर व्हायोलिन, तेच ते सूर पुन्हापुन्हा, मग वंदे मातरम्, मग मंगल वाद्य. आई त्या धुनेवर चूल पेटवायची. या धुनेचं श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. ते १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबाडला जन्मलेले ज्यू संगीतकार. युरोपात हिटलरचं सावट वाढत असताना १९३४ साली मुंबईत आले. इथलं संगीत सुरुवातीला त्यांच्या कानांना परकं वाटलं. पण तोंड न फिरवता ते शिकत राहिले. मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला, मेहली मेहतांबरोबर (झुबिन मेहतांचे वडील) मैफली केल्या. १९४६ मध्ये भारत सोडला, पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, मग अमेरिकेत प्राध्यापक, आणि १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. १९८४ मध्ये ते गेले. धुनेत शिवरंजनीची छाया आहे असं म्हणतात. शिवरंजनीत कोमल गंधार असतो, हे वरच्या परिच्छेदातल्या माझ्या तक्रारीशी जोडून वाचावं.

घर सुटलेल्या माणसानं बांधलेली धून ऐकत आमच्या घरात सकाळ व्हायची. आईला यातलं काही माहीत नव्हतं. मी इतिहास शिकवत असूनही कित्येक वर्षं मलाही नव्हतं. पाठ्यपुस्तकात जागतिक महायुद्धाची कारणं असतात, निर्वासितांचे आकडे असतात. तो निर्वासित रोज सकाळी सहा वाजता आपल्या स्वयंपाकघरात येऊन गेला, हे कुणी लिहीत नाही.

आता नातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. भारतात दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं, आणि पुण्यात १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, आणि तेव्हाच ती धून आली. पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीनं केलेली. पडद्यावर दोन वक्ररेषा फिरत फिरत येऊन त्या डोळ्यासारख्या चिन्हात स्थिरावायच्या. ते चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांचं.

हल्ली ही धून कुणी मोबाइलवर पाठवली की खाली लोक लिहितात, "ते सोन्यासारखे दिवस!" मी तारीख बघते. १ एप्रिल १९७६. म्हणजे आणीबाणी लागून नऊ महिने झाले होते, आणि ती उठायला अजून जवळजवळ वर्ष होतं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. पडद्यावर वीस कलमी कार्यक्रम होता. त्याच काळात उपग्रहाच्या मदतीनं सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेतीचे आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोगही चालू होता, तेही खरं. पण देशात कोण कोण तुरुंगात आहे हे त्या पडद्यावर दिसत नव्हतं.

आमचे मोठे भावजी मिसाखाली आत होते. तेरा महिने. नातलग वाचकांना हे माहीत आहे, पुढच्या पिढीला बहुधा नाही. आमच्याकडे टीव्ही नव्हता, खालच्या बिऱ्हाडात होता. जाऊबाई रोज संध्याकाळी खाली जाऊन बसायच्या. कुणी काही बोलायचं नाही. ती धून लागायची, बातम्या व्हायच्या, त्या उठून वर यायच्या आणि कणीक मळायला घ्यायच्या. सुटकेची बातमी काही टीव्हीवरून येणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. तरी जायच्या. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, शाळेत नोकरीला लागलेली. मलाही ती शहनाई आवडायची आणि आवडते हे बोलायची लाज वाटायची.

फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणुका जाहीर झाल्यावर, दिल्लीत रामलीला मैदानावर जगजीवनराम यांची सभा होती, तेव्हा टीव्हीवर अचानक 'बॉबी' चित्रपट लावला गेला. लोकांनी घरी बसावं म्हणून. लोक तरीही मैदानावर गेले. भावजी त्याच सुमारास घरी आले, दाढी वाढलेली, वजन निम्मं. रविशंकरांच्या धुनेचा या सगळ्यात काय दोष? काहीच नाही. शहनाई लग्नात वाजते तशीच तिथे वाजत होती. पण 'सोन्यासारखे दिवस' म्हणणाऱ्यांबरोबर माझ्याच्यानं मान हलवली जात नाही. आम्हा सगळ्यांना ती एकच धून पाठ आहे, याचं कारण आम्हा सगळ्यांकडे एकच वाहिनी होती. पाठांतर प्रेमानं होतं तसं दुसरं काही समोर नसल्यामुळेही होतं. वर्गात तीस वर्षं हेच तर पाहिलं.

पुढच्या धुना हलक्या मनानं वाजवता येतात. १९८२ मध्ये रंग आले, १९८४ मध्ये 'हम लोग'. 'रामायण' आणि 'महाभारता'च्या वेळी रस्ते कसे ओस पडायचे हे सगळ्यांनी लिहून झालंय, मी लिहीत नाही. मला जास्त जवळची १९८८ ची 'भारत एक खोज'. वनराज भाटियांनी ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताला दिलेलं संगीत, आणि त्याचं हिंदी रूपांतर आपले वसंत देव यांचं. सृष्टीच्या आधी काय होतं हे देवांना तरी ठाऊक असेल का, असं विचारणारं सूक्त सरकारी वाहिनीवर दर आठवड्याला लागायचं! मी आठवीच्या वर्गाला ती मालिका बघायला सांगायचे. रेकॉर्डरवर मात्र ते होत नाही. त्याला अनेक कंठ लागतात, माझी एकुलती एक फुंकर तिथे फार केविलवाणी वाटते.

आणि अशोक पत्की. १५ ऑगस्ट १९८८ ला प्रथम लागलेलं 'मिले सुर मेरा तुम्हारा' म्हटलं की सगळ्यांना भीमसेनजी आठवतात, आणि ते योग्यच. पण भैरवीतल्या त्या चालीमागे पत्की आहेत, आणि वाद्यमेळ लुई बँक्स यांचा. 'गोट्या' मालिकेचं शीर्षकगीत पत्कींचं, १९९९ मध्ये आलेल्या 'आभाळमाया'चंही. आमच्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत मुली 'गोट्या'चं गाणं म्हणत होत्या. संगीतकार कोण म्हणून विचारलं तर एकीलाही सांगता आलं नाही. दोष मुलींचा नाही, नावं पडद्यावरून झरझर पळतात. पण ज्याची चाल तीनशे मुलींना तोंडपाठ आहे त्याचं नाव एकीला तरी माहीत असावं, म्हणून मी ते फळ्यावर लिहिलं.

सध्या मला पूर्ण वाजवता येते ती 'मालगुडी डेज'ची धून. १९८६-८७ ची मालिका, दिग्दर्शक शंकर नाग, जे मुंबईत मराठी नाटकं करत वाढले आणि आपल्या '२२ जून १८९७' चित्रपटाच्या लेखनात सहभागी होते. संगीत एल. वैद्यनाथन यांचं, रेखाचित्रं आर. के. लक्ष्मण यांची. या धुनेला शब्द नाहीत, नुसते बोल आहेत, आणि चाल लहान मुलानं उड्या मारत शाळेतून घरी यावं तशी. मींड फारशी लागत नाही, म्हणून रेकॉर्डरला मानवते. नातीला वाजवून पाठवली तेव्हा तिनं उलट त्याच धुनेचा दुसरा सूर आल्टोवर धरून पाठवला. आता आम्ही ते दोन्ही जोडून ऐकतो. बोलणं अजूनही जेमतेमच असतं.

जाऊबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत. दर गुरुवारी येतात. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना सरळ विचारलं, दूरदर्शनची धून बसवतेय, वाजवू का? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ती नको गं. ती उड्या मारणारी वाजव." तेव्हा गुरुवारी मालगुडी. दूरदर्शनची मी इतर दिवशी, दुपारी, खोलीचं दार लावून घोकते. पहिली ओळ येते. दुसऱ्या ओळीत शहनाई जिथे वर चढत जाते, तिथे अंगठ्याचं नख वेळेवर सरकत नाही. नातीनं सांगितलंय, नख थोडं वाढव.